नंबर म्हणजे अंतर

‘सरळ बस’, ‘मान वर कर’, ‘पुस्तकात काय डोकं खुपसलंयस?’ दहावी-बारावीचं मूल ज्या घरात आहे, त्या घरात ही वाक्यं रोजची. नाशिकमधला गंगापूर रोडवरचा फ्लॅट असो, सिडकोतलं दोन खोल्यांचं घर असो की पंचवटीतला जुना वाडा, वाक्यांत फरक नाही. बोलणाऱ्याने मनात एक धरून ठेवलेलं असतं: मूल वाकतं ते आळसाने किंवा वाईट सवयीने, मनात आणलं तर ते ताठ बसू शकेल. मायनस नंबरच्या मुलाबाबत हे दर वेळी खरं नसतं. कधी त्याला पुस्तक लांब धरणं शक्यच नसतं. कधी शक्य असूनही ते धरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसतं, वाकलेली मान आणि नाकाशी आलेलं पुस्तक. पण दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. हा फरक ओळखायचा तर नंबर म्हणजे नेमकं काय, इथपासून सुरुवात करावी लागते.

नंबरच्या कागदावर ‘-२.००’, ‘-३.५०’ असे आकडे असतात. नंबर म्हणजे नजर किती ‘खराब’ आहे याचे गुण, अशी बहुतेकांची समजूत. प्रत्यक्षात तो आकडा एक अंतर सांगतो. १०० ला त्या आकड्याने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येईल. नंबर एक असेल तर १०० सेंटिमीटर, दोन असेल तर ५०, तीन असेल तर ३३, चार असेल तर २५, पाच असेल तर २०. चष्मा काढल्यावर त्या डोळ्याला जास्तीत जास्त जेवढ्या लांबचं स्वच्छ दिसतं, ते हे अंतर. त्याला दूरबिंदू म्हणतात. त्याच्या पलीकडचं सगळं धूसर. अलीकडचं मात्र स्वच्छ, आणि चांगल्या नजरेच्या माणसाहून कमी कष्टात.

हे घरी पाच मिनिटांत पडताळून पाहता येतं. मुलाला चष्मा काढायला सांगा. एक डोळा हाताने झाकून दुसऱ्यासमोर वर्तमानपत्रातला बारीक मजकूर धरा आणि कागद हळूहळू लांब न्या. अक्षरांच्या कडा जिथे फुटायला लागतील तिथे थांबा आणि पट्टीने मोजा. अंतर ३३ सेंटिमीटर आलं तर नंबर तीनच्या आसपास. सिलिंडरचा नंबर असेल तर हे गणित जरा बिघडतं, आणि ही काही तपासणी नव्हे. पण आपलं मूल बिनचष्म्याचं किती लहान वर्तुळात राहतं, हे आईवडिलांना यातून पहिल्यांदा कळतं. चार नंबरच्या मुलीने चष्मा काढला की तिचं स्वच्छ जग पंचवीस सेंटिमीटरवर, म्हणजे वितेहून जेमतेम दोन बोटं पुढे संपतं. तिला ‘पुस्तक लांब धर’ सांगणं म्हणजे ‘पुस्तक वाचू नकोस’ सांगण्यासारखंच आहे.

पंचवीस सेंटिमीटरचा मानेशी काय संबंध? टेबलासमोर ताठ बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर उंच असतात. पुस्तक टेबलावर सपाट पडलेलं आहे. अंतर पंचवीसवर आणायचं तर डोकं पंधरा-वीस सेंटिमीटर खाली आलं पाहिजे. ते आधी मानेतून वाकतं, मग खांद्यांतून, शेवटी कमरेतून. पोक येतो तो असा. माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार ते पाच किलो. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये एक गणिती नमुना मांडला. त्यानुसार मान साठ अंशांत झुकली की मानेच्या मणक्यांवर पडणारा भार सुमारे २७ किलोंपर्यंत जातो. हा जिवंत माणसांवर मोजलेला आकडा नव्हे, हिशेबाने काढलेला आहे. तरी क्लास सुटल्यावर मुलं मानेचा मागचा भाग का चोळतात, हे समजायला तो पुरे.

आता चष्म्याकडे येऊ. मायनसची काच अंतर्गोल असते, मध्ये पातळ आणि कडेला जाड. ती लांबच्या वस्तूंची प्रतिमा डोळ्याच्या दूरबिंदूवर आणून ठेवते. चार नंबरच्या काचेतून पाहताना पांडवलेण्यांच्या डोंगराची प्रतिमा डोळ्यापुढे पंचवीस सेंटिमीटरवर तयार होते, आणि त्या डोळ्याला तेवढंच तर दिसत असतं. म्हणून डोंगर स्वच्छ दिसतो. चष्म्याचं पहिलं काम हेच, पंचवीस सेंटिमीटरची हद्द क्षितिजापर्यंत हटवणं. आपण चष्म्याची महती गातो ती याच कामासाठी: फळा दिसला, बसची पाटी दिसली.

पण हद्द हटली की जवळच्या वाचनातही एक गोष्ट बदलते. पुस्तक पंचवीसवर धरायची सक्ती उरत नाही. तेच पान चाळीस सेंटिमीटरवरून वाचायला डोळ्याच्या आतल्या भिंगाला अडीच डायॉप्टरचा (नंबर ज्यात मोजतात तेच हे एकक) जोर लावावा लागतो. पंधराव्या वर्षी हे भिंग बारा-चौदा डायॉप्टरपर्यंत जोर लावू शकतं. म्हणजे अडीच डायॉप्टर हा तरण्या डोळ्याला किरकोळ भार. चष्मा लावून वाचणाऱ्या मायनस नंबरच्या मुलाला तर बिनचष्म्याच्या मित्राहून किंचित कमीच जोर पुरतो. योग्य नंबरचा चष्मा नाकावर असेल तर ताठ बसून चाळीस सेंटिमीटरवरून वाचायला डोळ्याची कसलीही आडकाठी नसते.

तरीही मुलं वाकतात. खुंट्याला आखूड दाव्याने बांधलेल्या गाईचं दावं एके दिवशी सोडलं, तरी काही दिवस ती खुंट्याभोवतीच चरते. नव्या चष्म्यातल्या मुलाचं तसंच होतं. चष्मा अंतराची मुभा देतो, अंतर देत नाही. ते कशावर ठरतं? अक्षराच्या आकारावर, उजेडावर, टेबलाच्या उंचीवर, चौकटीच्या मापावर आणि जुन्या सवयीवर. या लेखात सांगायचं ते एवढंच. पण हे ‘एवढंच’ घराघरांत निसटतं, म्हणून त्यातली एकेक गोष्ट उलगडून पाहू.

पहिली गोष्ट अशी की काचेतून अक्षर बारीक दिसतं. मायनसची काच प्रतिमा लहान करते. चार नंबरच्या चष्म्यातून अक्षर पाचेक टक्क्यांनी लहान दिसतं. चष्मा काढला की ते मूळ आकाराचं होतं. शिवाय आता ते जवळ धरावं लागतं, म्हणून डोळ्याच्या पडद्यावर आणखी मोठं उमटतं. अंतर अर्धं केलं की प्रतिमा दुप्पट. वर आतल्या भिंगाला जोरही लावावा लागत नाही. ‘चष्मा काढल्यावरच मला वाचायला बरं वाटतं’ असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. ते बरं वाटण्याची किंमत मान देते, एवढंच.

किंमत डोळेही देतात. पंचवीस सेंटिमीटरवरचं पाहायला दोन्ही बुबुळं नाकाकडे बरीच वळवावी लागतात, चाळीसपेक्षा दीडपटीहून जास्त. एरवी आतल्या भिंगाचा जोर आणि बुबुळांचं वळणं ही जोडी एकमेकांच्या साथीने चालते. चष्मा काढून दूरबिंदूवरच वाचताना भिंगाला काही कामच उरत नाही, आणि ती साथ तुटते. बुबुळांना स्वतःच्या बळावर वळून राहावं लागतं. काहींना ते जमतं, काहींच्या कपाळात ठणका सुरू होतो. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल, समजा एकाचा एक आणि दुसऱ्याचा चार, तर चष्मा काढल्यावर दोघांचे दूरबिंदू १०० आणि २५ सेंटिमीटर. मग नाकाशी धरलेल्या वहीचं सगळं काम सहसा एकाच डोळ्यावर पडतं.

दुसरी गोष्ट, चष्मा दप्तरात असतो. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत मुलांना चष्मे वाटल्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांच्या एका गटाने पाहणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्या १,०१८ मुलांपैकी चष्मा घालून बसलेली मुलं होती फक्त ३००. उरलेल्यांच्या कारणांत चष्मा मोडला, हरवला, घरी विसरला, आवडत नाही हे सगळं होतं. पण मोठा हिस्सा चिडवण्याचा होता. ‘ढापण्या’ ही हाक वर्गात एकदा पडली की चष्मा डबीत जातो. नाशिक जिल्ह्यातही सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळा आणि शहरातल्या महापालिकेच्या शाळा आहेत. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत जाऊन मुलांच्या इतर तपासण्यांबरोबर नजरही तपासतात. पण नजर तपासणं, चष्मा हातात पडणं आणि चष्मा नाकावर राहणं हे तीन वेगळे टप्पे आहेत. मान वाचते ती तिसऱ्या टप्प्यावर. शिक्षकांनी चष्मा लावलेल्या मुलाकडे लक्ष ठेवण्यापेक्षा त्याला चिडवणाऱ्याकडे ठेवलं तर जास्त उपयोग होईल.

तिसरी गोष्ट, नंबर बरोबर असतो का? इथे एक बारकावा आहे. चुकीच्या नंबरमुळे मुलं वाकतात असं सरसकट म्हटलं जातं. पण नंबर कमी आहे की जास्त, यावर शरीर कुठे वाकतं ते ठरतं. समजा खरा नंबर चार आणि चष्मा सव्वातीनचा. पाऊण नंबर कमी पडला. १०० भागिले पाऊण म्हणजे साधारण १३३ सेंटिमीटर. एवढ्या अंतरापर्यंत चष्म्यातून स्वच्छ दिसतं. पुस्तक तर चाळीसवर आहे, ते व्यवस्थित दिसणारच. म्हणजे कमी नंबरचा चष्मा पुस्तकापाशी मान वाकवत नाही. तो वाकवतो फळ्याकडे. मूल बाकावर पुढे सरकतं, हनुवटी पुढे काढतं, डोळे किलकिले करतं. कधी बोटाने चष्मा डोळ्यांकडे दाबून धरतं, कारण मायनसची काच डोळ्याजवळ गेली की तिचा प्रभाव थोडा वाढतो. बोटाने चष्मा दाबून फळा वाचणारा मुलगा दिसला तर त्याच्या घरी ‘नंबर तपासून घ्या’ असा निरोप बेलाशक द्यावा.

नंबर जास्त पडला तर गोष्ट उलटी होते. फळा झकास दिसतो, अक्षरं काळीभोर आणि टोकदार दिसतात, म्हणून मूल खूश. पण पुस्तक वाचताना आतल्या भिंगाला तेवढा जास्तीचा भार सतत उचलावा लागतो. तरणा डोळा तो उचलतोही, म्हणून ही चूक लवकर पकडली जात नाही. तीच अडचण तपासणीतही येते. मशीनसमोर बसलेलं मूल नकळत आतल्या भिंगाचा जोर लावून बसलेलं असतं आणि मशीन जास्तीचा मायनस दाखवतं. म्हणून लहान वयात डोळ्यांत औषध घालून, भिंग थोडा वेळ सैल करून तपासणी करतात. त्यानंतर बाहुल्या मोठ्या राहतात, जवळचं काही तास, कधी एक-दोन दिवस धूसर दिसतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती करून घेऊ नये, पण ‘वेळ नाही’ म्हणून टाळूही नये. दुकानात मशीनवर दोन मिनिटांत निघालेला नंबर हा अंदाज असतो, निकाल नव्हे.

‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ या जुन्या समजाचा विचारही इथेच केलेला बरा. त्या भीतीपोटी काही घरांत मुद्दाम कमी नंबरचा चष्मा मागितला जातो. मलेशियात नऊ ते चौदा वर्षांच्या ९४ मुलांवर हेच करून पाहिलं होतं: काहींना पूर्ण नंबर दिला, काहींना पाऊण कमी. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत पूर्ण चष्मेवाल्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला, कमी चष्मेवाल्यांचा १.०० ने. कमी चष्म्याने नंबर रोखला नाही, उलट थोडा जास्तच वाढला. या वयात नंबर वाढतो कारण डोळ्याचा गोल मागच्या बाजूला लांब होत जातो. लांबी एक मिलिमीटर वाढली की नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. ती वाढ काच थोपवली म्हणून थांबत नाही.

चौथी गोष्ट चौकटीची. ‘वाढत्या अंगाचा’ ही आपली सदऱ्याची रीत आपण चष्म्यालाही लावतो. दोन वर्षं चालावी म्हणून मोठी चौकट घेतली जाते. ती नाकावरून घसरते. एप्रिलच्या घामात तर जास्तच. पाच मिलिमीटर घसरली तर दोन नंबरवाल्याला काही जाणवत नाही, पण सहा नंबरच्या मुलाच्या चष्म्याचा प्रभाव पाव नंबरहून थोडा कमी, एवढा घटतो. मग ते हनुवटी उचलतं किंवा वरच्या कडेवरून पाहतं. काचेचा मध्यबिंदूही बुबुळाच्या खाली जातो. पाहण्याची रेषा मध्याच्या जितकी बाहेर, तितकी काच वस्तूला जागेवरून सरकवून दाखवते, आणि नंबर मोठा तितकी ही सरक मोठी. मुलं हे शब्दांत सांगत नाहीत. डोळे फिरवण्याऐवजी ती सगळं डोकं फिरवतात, कारण काचेच्या मध्यातून पाहिलेलं सगळ्यात स्वच्छ असतं. उलट चौकट उंचीला फारच अरुंद असेल तर खाली पाहताना नजर काचेखालून निसटते, म्हणून डोळ्यांऐवजी मान खाली जाते. काचेला खालच्या बाजूला पुरेशी उंची हवी, नाकाचा टेकू घट्ट हवा आणि कानामागची दांडी कानापाशीच वळलेली हवी. चष्मेवाला दांडी तापवून वळवून देतो ते दोन मिनिटांचं काम असतं. फक्त त्याच्याकडे परत जायचा कंटाळा नको.

या सगळ्या साध्या, एकाच नंबरच्या काचा झाल्या. आता नंबर वाढण्याचा वेग कमी करायच्या काचाही मिळतात. त्यांचा बसण्याच्या ढबीशी याहून जवळचा संबंध आहे. आधी वाचनासाठी खाली वेगळी ताकद असलेल्या प्रोग्रेसिव्ह काचा मुलांना देऊन पाहिल्या. अमेरिकेत ४६९ मुलांवर झालेल्या ‘कॉमेट’ चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. तीन वर्षांत फरक पडला तो फक्त ०.२० डायॉप्टरचा. अशी काच काम करते ती मूल खालच्या भागातून पाहील तेव्हाच, म्हणजे मान सरळ आणि नजर खाली. मान खाली घालून वरच्या भागातून वाचणाऱ्या मुलाला त्या काचेचा उपयोग साध्या काचेइतकाच.

त्यानंतर हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठ आणि होया कंपनीने मिळून वेगळी काच तयार केली. मध्ये नऊ मिलिमीटरचा साधा, स्वच्छ भाग आणि त्याभोवती मिलिमीटरभराच्या शेकडो इवल्या भिंगांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी. मधल्या भागातून स्पष्ट दिसतं, आणि भोवतालचा प्रकाश पडद्याच्या थोडा पुढे केंद्रित होऊन डोळ्याच्या लांब होण्याला आवर घालतो, अशी त्यामागची कल्पना. आठ ते तेरा वर्षांच्या मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत साध्या काचेच्या मुलांचा नंबर सरासरी ०.८५ ने वाढला, या काचेच्या मुलांचा ०.४१ ने. हा फरक लक्षणीय आहे. पण नऊ मिलिमीटर म्हणजे हरभऱ्याएवढी जागा. चौकट घसरली तर ती जागा बुबुळासमोरून जाते. एवढी महाग काच ढिल्या चौकटीत बसवून मुलाला पलंगावर आडवं वाचू देणं, हे पैसे पाण्यात घालणंच आहे.

पाचवी गोष्ट उजेडाची आणि अक्षराची. संध्याकाळी ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर असते. मूल वाकलं की त्याच्याच डोक्याची सावली वहीवर पडते. सावलीत अक्षर फिकं दिसतं, म्हणून ते आणखी वाकतं, सावली आणखी गडद होते. हे दुष्टचक्र तोडायला टेबलावरचा दिवा पुरतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूला तो हवा, म्हणजे हाताची सावली लिहिण्यावर पडत नाही. मोबाईलचं अक्षर मोठं करायला तर एक रुपयाही लागत नाही. मोबाईल वीतभर अंतरावर धरला जातो त्यात नंबरापेक्षा अक्षराच्या आकाराचा आणि आडवं पडण्याचा वाटा जास्त असतो.

सहावी गोष्ट बैठकीची. जमिनीवर मांडी घालून अभ्यास करणारी मुलं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. पण गणित करून पाहा. मांडी घालून ताठ बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटर उंच. पुस्तक समोर सतरंजीवर. तिथून चाळीसवर यायचं तर तीस सेंटिमीटर खाली झुकलंच पाहिजे, मग चष्मा कितीही नेमका असो. काच इथे काही करू शकत नाही. करू शकतो तो चौरंग. तीस सेंटिमीटर उंचीचा चौरंग किंवा बैठं डेस्क पुढे ठेवलं की पाठ न वाकवता अंतर चाळीस-पंचेचाळीसवर येतं. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचं पारायण करणारी माणसं वर्षानुवर्षं हेच करत आली. समोर घडीचं लाकडी व्यासपीठ, त्यावर तिरकी ठेवलेली पोथी, ठळक मोठी अक्षरं आणि वाचणारा ताठ. दोन-दोन तास वाचून त्यांची मान अवघडत नाही ती पोथीच्या उंचीमुळे आणि उतारामुळे. अभ्यासाच्या पुस्तकाला तेवढाच मान दिला तर बिघडणार काहीच नाही. पुस्तक वीसेक अंशांत तिरकं ठेवणारा लाकडी स्टँड सुतार तासाभरात करून देतो.

अंतर किती ठेवायचं, यासाठी टेप लागत नाही. मुलाने मूठ गालाला लावायची आणि कोपर पुस्तकावर टेकवायचं. कोपरापासून मुठीपर्यंतची ही लांबी म्हणजे त्याचं स्वतःचं वाचनाचं अंतर. अमेरिकी संशोधक डॅरेल बॉइड हार्मन यांच्या नावाने हे माप ओळखलं जातं. मोठ्यांत ते साधारण चाळीस सेंटिमीटर भरतं, लहान मुलांत कमी. माप मुलाबरोबर वाढतं ही त्यातली सोय. दर अर्ध्या तासाने मुलाने ते एकदा करून पाहावं. ओरडा ऐकण्यापेक्षा ते कधीही बरं.

पण अंतर एवढं जपायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मानेचं उत्तर वर आलंच. डोळ्यांपुरतं सांगायचं तर सिडनीतल्या बारा वर्षांच्या मुलांच्या पाहणीत, २००८ मध्ये, ३० सेंटिमीटरहून जवळून वाचणाऱ्यांत मायनस नंबर असण्याची शक्यता अडीचपट आढळली. सलग अर्ध्या तासाहून जास्त वाचणाऱ्यांत दीडपट. यावरून जवळून वाचल्यानेच नंबर येतो असं ठरत नाही. नंबर आधी आला म्हणून मूल जवळ गेलं, असंही असू शकतं. नंबरचं गणित इथे दोन्ही बाजूंनी चालतं, आणि म्हणूनच या आकड्यांवरून मुलाला धारेवर धरू नये. त्याहून पक्का पुरावा मोकळ्या हवेचा आहे. चीनमधल्या ग्वांगझोच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. २०१५ सालचा हा अभ्यास आहे. त्याच वर्षी दिल्लीतल्या शाळांच्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना मायनस नंबर आढळला, आणि रोज दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत तो कमी होता.

बाहेरचा उजेड वर्गातल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. झाडाच्या सावलीतही हजारो लक्स, तर वर्गात काहीशे. आणि बाहेर मान आपोआप वर जाते, कारण बघायचं ते लांब असतं. गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला ‘सरळ उभा राहा’ म्हणावं लागत नाही. मात्र ज्याला चष्मा आहे त्याने तो मैदानावरही लावलाच पाहिजे. चष्मा अभ्यासाची वस्तू आहे, खेळाची नाही, ही समजूत मुलाला उगाच त्या पंचवीस सेंटिमीटरच्या वर्तुळात परत ढकलते.

तेव्हा वाकलेल्या मानेपाशी पोचल्यावर आधी चष्मा नाकावर आहे का ते पाहावं. नसेल तर मुलाला बोलण्यात अर्थ नाही. चष्मा का उतरला याचा शोध घ्यावा. असेल तर तो केव्हा तपासला ते आठवावं. वाढत्या वयात वर्षातून एकदा, नंबर झपाट्याने वाढत असेल तर सहा महिन्यांनी तपासणी हवी. चष्मा आहे, नंबर बरोबर आहे, चौकट घट्ट आहे, तरी मान खाली, असं असेल तेव्हाच टेबल, दिवा, अक्षर आणि सवय यांच्याकडे वळावं. क्रम उलटा केला की आपण काच नसलेल्या मुलाला टेबल देतो आणि टेबल नसलेल्या मुलाला नवी काच.

पुढच्या वेळी तपासणीला जाताना मुलाचं नेहमीचं पुस्तक आणि मोबाईल बरोबर न्यावा. तपासणीतला जवळचा तक्ता ठरावीक अंतरावर, बहुधा चाळीस सेंटिमीटरवर धरतात. मूल घरी किती अंतरावर वाचतं ते त्या तक्त्याला कळत नाही. मुलाला खुर्चीत बसवून ‘घरी धरतोस तसं धर’ म्हणावं, आणि डॉक्टरांना ते अंतर मोजून नंबरशेजारी लिहायला सांगावं. सहा महिन्यांनी दोन्ही आकडे पुन्हा पाहता येतील. पहिला आकडा थांबवणं पूर्णपणे कुणाच्याच हातात नाही. दुसरा मात्र चौरंग, दिवा आणि थोड्या चिकाटीने घरातल्या घरात सुधारता येतो.